ग्रीन कार्ड आलं, आता पिस्तुलाचं लायसन्स काढू का?

पत्र असं आहे :

‘मावशी, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, सोळा वर्षं टेक्ससमध्ये, सध्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत. मागच्या वर्षी एकदाचं ग्रीन कार्ड आलं. नोकरी आहेच, शिवाय दोन मित्रांबरोबर भागीदारीत किराणा दुकान घेतलंय. आठवड्यातून तीन रात्री दुकान मी बंद करतो आणि गल्ला घेऊन एकटाच घरी येतो. आमच्या वसाहतीत सोन्यासाठी दोन भारतीय घरं फुटली. एक मित्र म्हणतो, टेक्ससमध्ये आता लायसन्स लागतच नाही, पिस्तूल घे आणि कमरेला लाव. दुसरा म्हणतो, आधी लायसन्स काढ. बायको म्हणते, ती वस्तू घरात आली तर मी माहेरी जाईन. मुलगी नऊ वर्षांची आहे. भाचा एफ-वनवर शिकायला आलाय, तो आमच्याकडेच राहतो. दिवाळीला आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. माझं काही चुकतंय का? नाव छापू नका.’

नाव छापत नाही. आणि ‘तू’ म्हणते, वयाने तेवढा अधिकार आहे.

तुझा पहिला मित्र खोटं बोलत नाहीये. पण तो बहुधा सिटिझन असावा, आणि तू नाहीस. या पत्राला मी जे काही उत्तर देणार आहे, ते सगळं या एका फरकापाशी येतं.

आमच्या कुडाळकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रात्री डुकरं भातात उतरली की एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की आजोबा छत्री घेऊन परत आणायला जायचे. आपल्या डोक्यात ‘परवाना’ म्हटलं की हे असतं : आधी सरकारी कागद, मग वस्तू. टेक्ससमध्ये हे उलटं आहे. पिस्तूल विकत घ्यायला राज्याचा परवाना नाही. दुकानदार तुझ्याकडून ४४७३ नंबरचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, फॉर्म भरून घेतो, तुझा इतिहास तपासतो आणि पिस्तूल हातात देतो. घरात ठेवायलाही परवाना नाही. लायसन्स होतं ते फक्त अंगावर घेऊन बाहेर हिंडण्यासाठी. १९९६ मध्ये ते सुरू झालं, फक्त लपवून बाळगण्यापुरतं. २०१६ पासून होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, उघडं दिसलं तरी चालू लागलं, म्हणून नाव बदलून ‘लायसन्स टु कॅरी’ झालं. सगळे एलटीसी म्हणतात. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला तेही लागेनासं झालं. तुझा मित्र सांगतोय तो हा बदल.

लागत नाही, पण मिळतं. आणि तुझ्यासारख्याने ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

मी वकील नाही. ह्यूस्टनला इमिग्रेशन वकिलाकडे अठरा वर्षं फायली सांभाळल्या, एवढीच माझी पदवी. त्या अठरा वर्षांत चोर-दरोडेखोरांपेक्षा चांगल्या घरची, कधी सिग्नलही न तोडलेली माणसं जास्त रडताना पाहिली. इमिग्रेशन कायद्यात एक छोटंसं कलम आहे. ग्रीन कार्डवाला माणूस शस्त्राबाबतचा कुठलाही कायदा मोडल्याबद्दल दोषी ठरला, म्हणजे बेकायदा घेतलं, विकलं, जवळ ठेवलं, बाळगून हिंडला, यातलं काहीही, तर त्याला देशाबाहेर काढता येतं. गुन्हा केवढा, हे ते कलम विचारत नाही. कुणाला इजा झाली का, हेही विचारत नाही. इथे किती वर्षं झाली, तेही नाही.

त्यात आणखी एक खाच आहे. टेक्ससच्या कोर्टात पहिलटकराला ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ देतात. गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट वाग, मग शिक्षा नोंदवली जाणार नाही. फौजदारी वकील म्हणेल, झकास सौदा आहे, सही कर. सिटिझनसाठी असेलही. इमिग्रेशनच्या लेखी मात्र तू गुन्हा कबूल केलास आणि कोर्टाने तुझ्यावर काही बंधन घातलं, की तो दोषच. एकाच कागदावर एका खिडकीत तू सुटलेला आणि दुसऱ्या खिडकीत हद्दपारीला पात्र. म्हणून कधी वेळ आलीच, तर फौजदारी वकिलाच्या शेजारी इमिग्रेशनचा वकील बसल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेव.

आता तू म्हणशील, मी कशाला कायदा मोडतोय? तू मोडणार नाहीस. तुझा पाय चुकून पडेल. टेक्ससमध्ये बंदुकीची मोकळीक खूप आहे, पण ती सलग नाही. भातखाचरातून चालावं तसं आहे, मध्येमध्ये बांध आणि मध्येमध्ये चिखल.

आपलंच उदाहरण घे. तुमच्याकडचा गणेशोत्सव कुठे होतो? बहुतेक मंडळं हायस्कूलचं सभागृह भाड्याने घेतात. रविवारची मराठी शाळाही कुठल्या तरी शाळेच्याच इमारतीत भरते. दुकान बंद करून तू थेट आरतीला गेलास, कमरेला पिस्तूल तसंच, वर झब्बा. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं हा टेक्ससमध्ये तिसऱ्या दर्जाचा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षांच्या तुरुंगवासाचा. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, सभागृह मंडळाने भाड्याने घेतलं होतं, हे सांगून इमारत शाळेची राहायची थांबत नाही. लायसन्स असलं तरी हा नियम सुटत नाही. कोर्टाची इमारत तशीच. आणि मतदान केंद्र. यातली गंमत बघ : मुलीला पुस्तकं बदलायला नेतोस ती सार्वजनिक लायब्ररी. एका मंगळवारी तिथे पिस्तूल चालतं, पुढच्या मंगळवारी आगाऊ मतदान सुरू झालेलं असलं की तीच इमारत मतदान केंद्र होते. तू मतदार नाहीस, त्यामुळे मतदान कधी सुरू झालं हे तुझ्या ध्यानीमनीही नसणार.

मग दारांवरच्या पाट्या. त्या वाचायला शिकावं लागतं, अक्षरशः. ज्या जागी उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच बसून पिण्याच्या दारूतून येतो, तिथे मोठ्या लाल अक्षरांत ‘५१%’ अशी पाटी असते. तिथे पिस्तूल नेणं पुन्हा फेलनी. तू पितोस की नुसता मित्राला आणायला गेलास, याला किंमत नाही. बाकी दुकानं, थिएटरं, काही मंदिरं स्वतःच्या मर्जीने मनाई करू शकतात, आणि त्याच्या पाट्या कलमांच्या नंबरांवरून ओळखल्या जातात : तीस-शून्य-पाच, तीस-शून्य-सहा, तीस-शून्य-सात. पहिली बिनालायसन्सवाल्यांसाठी, दुसरी लायसन्स असून लपवून नेणाऱ्यांसाठी, तिसरी उघडं लावणाऱ्यांसाठी. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत सगळा मजकूर, त्यामुळे दार कमी आणि पाटी जास्त दिसते. इथे लायसन्सचा पहिला फायदा कळतो : नुसती तीस-शून्य-पाचची पाटी असेल तर ती लायसन्सवाल्याला लागू नाही. पाटी न बघता आत गेलास तर साधारणपणे दोनशे डॉलरपर्यंतचा दंड. पण कुणी तोंडी ‘बाहेर जा’ म्हटल्यावर वाद घालत थांबलास तर प्रकरण एकदम वरच्या दर्जाचं होतं. अशा वेळी ‘सॉरी’ म्हणून फिरायचं. इथे अहंकार परवडत नाही.

लायसन्सचा दुसरा फायदा मोठा आहे आणि तुझ्या पहिल्या मित्राला तो ठाऊक नसावा. फेडरल कायदा म्हणतो, शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आत, रस्त्यावरसुद्धा, पिस्तूल बाळगणं गुन्हा. त्यातून सूट कुणाला? ज्याला त्या राज्याने रीतसर तपासून लायसन्स दिलंय त्याला. किंवा ज्याचं पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत आहे त्याला. टेक्ससने ‘लायसन्स लागत नाही’ म्हटलं, म्हणजे राज्याने लायसन्स दिलं असं नव्हे. सकाळी पोरीला शाळेत सोडायला गाडी रांगेत लावलीस, सीटशेजारच्या कप्प्यात भरलेलं पिस्तूल, खिशात एलटीसी नाही. राज्याच्या कायद्याने बरोबर, फेडरल कायद्याने चूक. यासाठी कुणी रोज रांगेतल्या गाड्या तपासत नाही, हे मलाही माहीत आहे. पण दुसऱ्याच कशासाठी तुला थांबवलं आणि अधिकाऱ्याचं डोकं फिरलेलं असलं, तर हे कलम पुस्तकात आहेच.

बारीकसारीक फायदे आणखी आहेत. नवं पिस्तूल घेताना दुकानातली फोनवरची तपासणी वाचते. ऑस्टिनला राज्याच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, जाताना एलटीसीवाल्यांना तपासणीची रांग लागत नाही; आयुष्यात पिस्तूल न धरलेल्या लॉबीवाल्यांनी केवळ त्या रांगेसाठी लायसन्स काढल्याचे किस्से इथे चवीने सांगतात. विमानतळावर चुकून पिस्तुलासकट तपासणीपाशी पोचलास, तर लायसन्सवाल्याने सांगितल्याबरोबर बाहेर पडायचं, एवढी एक वाट राज्याचा कायदा देतो. फेडरल दंड मात्र सुटत नाही, आणि तो हजारो डॉलरांत असतो. ‘असं कोण विसरतं’ म्हणू नकोस. २०२४ मध्ये देशभरच्या विमानतळांवर हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका सापडल्या, त्यातल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव भरलेल्या. आपलं डॅलस-फोर्ट वर्थ या यादीत नेहमी वरच्या नंबरांत.

लायसन्स कसं काढायचं, हे तसं सोपं आहे. डीपीएसच्या, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या, साइटवर अर्ज, चाळीस डॉलर फी, ठरलेल्या केंद्रात बोटांचे ठसे. तुला ग्रीन कार्डाची प्रत जोडावी लागेल. गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा किंवा तसला ए-बी दर्जाचा (फेलनीहून खालचा) गुन्हा, चालू असलेला खटला, थकलेला राज्याचा कर किंवा पोटगी, यातलं काही असेल तर अडेल. मग चार ते सहा तासांचा वर्ग आणि लेखी परीक्षा. वर्ग ऑनलाइनही करता येतो. तू तो करू नकोस, खुर्चीत जाऊन बस. अभ्यासक्रमात कायदा, होल्स्टर, लहान मुलांपासून शस्त्र कसं दूर ठेवायचं हे असतंच, पण ‘वाद हिंसेविना कसा मिटवायचा’ हा विषयही कायद्यानेच घातलेला आहे. आमच्या वर्गाचे शिक्षक निवृत्त पोलीस होते. त्यांनी दोन तास फक्त पार्किंगमधल्या भांडणांवर घालवले. तेव्हा मी जांभया देत होते. आज विचारशील तर तेवढंच लक्षात आहे.

शेवटी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, पन्नास गोळ्या. तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की पास. सांगायला हरकत नाही : ही परीक्षा अवघड नाही. तीन यार्ड म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी चष्मा न बदलता पास झाले होते. कागदाच्या न हलणाऱ्या माणसावर, शांत डोक्याने, सांगितल्यावर गोळी मारता येणं आणि रात्री दहाला गल्ल्याची पिशवी खांद्यावर असताना मागून पावलं ऐकू येणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, ते तूच ठरव.

लायसन्स मिळालं की एक सवय लाव. पोलिसाने गाडी थांबवून ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल तुझ्यापाशी असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही द्यायचं. हात स्टिअरिंगवर. कप्पा उघडायच्या आधी सांगायचं, मग उघडायचं.

आता राज्याबाहेर. ओक्लाहोमा, लुइझियाना, आर्कान्सा, न्यू मेक्सिको टेक्ससचं लायसन्स मानतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय मानत नाहीत. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा, तरच परवाना’ ही अट रद्द केली, तेव्हा पुष्कळांना वाटलं, झालं, आता कुठेही चालेल. तसं नाही. त्या राज्यांना स्वतःचे परवाने रास्त अटींवर द्यावे लागतात. तुझं टेक्ससचं कार्ड त्यांनी मानलंच पाहिजे, असं कोर्टाने म्हटलेलं नाही.

आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला आपल्यापैकी कुणाचं तरी कुणी असतंच, म्हणून तिथली एक गोष्ट सांगते. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. पेन्सिल्व्हेनियाचा रीतसर परवाना, पर्समध्ये पिस्तूल. गाडी चालवताना किरकोळ चुकीसाठी पोलिसाने थांबवलं. तिने आपण होऊन सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, हा परवाना. तिथल्या कायद्यात तो परवाना म्हणजे कोरा कागद. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्यावर आली. देशभर आरडाओरडा झाला, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. ती सिटिझन होती. तिच्या जागी ग्रीन कार्डवाला असता तर तुरुंगाच्या दारापाशी इमिग्रेशनवाल्यांची आणखी एक गाडी उभी राहिली असती.

गाडीने लांब जायचंच असेल तर १९८६ चा फेडरल कायदा एवढी वाट देतो : निघालास तिथे आणि पोचणार तिथे, दोन्हीकडे बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून गोळ्या काढलेलं पिस्तूल डिकीत नेता येतं. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि समोरचा कप्पा ही पेटी होत नाही. पण ही सवलत मधल्या राज्यातून पार जायला आहे, मावसभावाकडे चार दिवस राहायला नाही. एडिसनला जाताना पिस्तूल घरीच.

आता तुझ्या घरात येऊ. पत्रातला सगळ्यात धोक्याचा माणूस कोण, विचारशील तर तुझा भाचा. बिचाऱ्याचा काही दोष नाही. एफ-वन (विद्यार्थी), एच-वन (नोकरी), एच-फोर (एच-वनवाल्याचं कुटुंब), बी-टू (पाहुणे), हे सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसे, आणि अशा व्हिशावर आलेल्या माणसाला बंदूक काय, गोळीसुद्धा ताब्यात ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. शिकारीचं लायसन्स असलं तर सूट, असा एक अपवाद आहे आणि पुष्कळ पोरं ऑनलाइन वीस-पंचवीस डॉलरचं शिकारीचं लायसन्स काढून ‘आता चालतं’ म्हणतात. अपवाद खरा आहे. पण पुढे व्हिसा अधिकाऱ्यासमोर ते समजावत बसायची हौस असलेला विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

‘ताबा’ म्हणजे नुसतं हातात असणं नाही. तिजोरीचा आकडा भाच्याला माहीत असला, तू ऑफिसला आणि तो घरी, तरी ताबा त्याचाही म्हणता येतो. आणि मनाई असलेल्याच्या हाती शस्त्र दिल्याबद्दल तूही अडकतोस. म्हणून आकडा तुझ्या डोक्यात, फार तर बायकोच्या, ग्रीन कार्ड तिलाही असेल तर. भाच्याला नाही. दुकानात काउंटरखाली पिस्तूल ठेवून संध्याकाळच्या मुलाला ‘असू दे, लागलं तर’ म्हणणं, हेही नाही. भाच्याने ‘मामा, तुमच्या नावावर मला एक घेऊन द्या’ म्हटलं, तर कानाखाली मारू नकोस, पण तेवढंच ठामपणे सांग. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर विकत घेणं हा स्वतंत्र फेलनी आहे; फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच का’ असा थेट प्रश्नच असतो.

आणि बाबा. येणाऱ्या प्रत्येक बाबांना रेंजवर जायचं असतं. नाशिकला सांगायला फोटो हवा असतो. बी-टूवर आलेल्या माणसाने रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हासुद्धा कायद्याच्या दृष्टीने ताबाच. काही रेंजवाले विचारतात, काही विचारत नाहीत, सही मात्र सगळे घेतात. ऑफिसातल्या एच-वनवाल्या मुलांचे रायफल घेतलेले फोटो मी इन्स्टाग्रामवर बघते आणि पोटात गोळा येतो. बाबांना फोर्ट वर्थला लाँगहॉर्न बैलांची मिरवणूक दाखव. रोज दोनदा असते, फोटोही झकास येतात.

परतीच्या प्रवासाचंही सांगून टाकते. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही वापरू नकोस. हे मी शहाणपणाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मुंबईला निघताना निळी बॅग झटकली तर अस्तराच्या फाटीतून एक काडतूस घरंगळत पलंगाखाली गेलं. रेंजवरचं, कधीतरी राहिलेलं. मी अर्धा तास पलंगावर बसून होते. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि विनापरवाना एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावर गुन्हा नोंदवतात. माहीत नसताना बॅगेत राहिलं, जाणीवपूर्वक ताबा नव्हता, म्हणून हायकोर्टांनी असे बरेच गुन्हे रद्द केलेत. पण रद्द होईपर्यंत तारखा चालू, पासपोर्टची धाकधूक आणि इकडे नोकरीवाले विचारणार, साहेब कधी येताय?

राहिली बायको. तिला भित्री म्हणू नकोस, तिचं गणित तुझ्यापेक्षा बरोबर आहे. २०२२ साली अमेरिकेत ४८ हजारांवर माणसं बंदुकीने गेली. त्यातल्या २७ हजार आत्महत्या. चोराची भीती सगळ्यांना असते. घरातल्या कुणाचा एखादा वाईट महिना येईल, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही. परक्या देशात एकटा शिकणारा पोरगा, सहा महिने चार भिंतींत बसणारे म्हातारे आई-बाप, नोकरी टिकेल की नाही या घोरात असलेला तू. घरात कुणाची झोप उडालेली असेल, कुणी उदास असेल, तर हा विषय या वर्षी बंद. आणि नऊ वर्षांच्या मुलीला लपवलेली वस्तू सापडत नाही, असं समजणाऱ्या बापाने तिला दिवाळीचे लाडू कुठे सापडतात ते आठवावं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हाही टेक्ससमध्ये गुन्हा आहे. तिजोरी घे, बोटाच्या ठशाची किंवा आकड्याची, भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली. पिस्तुलाआधी.

दुकानाचं तर वेगळंच आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताब्यातल्या दुकानात पिस्तूल ठेवायला टेक्ससमध्ये पूर्वीही एलटीसी लागत नव्हतं. फक्त भाडेकरार वाच. शॉपिंग सेंटरच्या मालकांनी त्यात काहीबाही घातलेलं असतं. पण मुळात गल्ला रोज घरी का येतोय? जमिनीत बसवलेली, वरून पैसे टाकायच्या फटीची तिजोरी घ्या, दारावर तशी पाटी लावा, बँकेत दिवसाउजेडी भरणा करा आणि बंद करताना दोघं थांबा. भागीदार तिघं आहात ना? सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेव आणि लग्नातल्या दागिन्यांचे फोटो त्याच रात्री टाकू नका. त्या चोऱ्या करणारे घरं आधी हेरतात आणि घरी कुणी नसताना येतात. म्हणजे तुझं पिस्तूल तेव्हा एकतर तुझ्याबरोबर बाहेर असेल, नाहीतर सोन्याबरोबर चोरीला जाईल.

तर असं कर. वर्गाला नाव घाल, बायकोचंही. तिला पिस्तूल घ्यायला नाही, ऐकायला. लायसन्स मिळव. मिळाल्यावर सहा महिने काहीच विकत घेऊ नकोस. जिथे जाशील तिथे दारावरची पाटी वाच आणि स्वतःला विचार, आत्ता माझ्या कमरेला असतं तर मी इथे आत असतो का? शाळा, लायब्ररी, पोस्ट ऑफिस (तिथे फेडरल मनाई आहे, पार्किंगसकट), आरती. एका वहीत खुणा कर. माझ्या नवऱ्याने २००९ मध्ये हे केलं होतं. महिन्यात एकवीस खुणा झाल्या. तेव्हापासून आमचं पिस्तूल तिजोरीत आहे आणि लायसन्स पाकिटात. दर पाच वर्षांनी नूतनीकरण न चुकता करतो.

आई-बाबा आले की कळव. आईंना म्हणावं, कोंडाजीचा चिवडा आणला तर ह्यूस्टनलाही लोक राहतात.